हक्कसोडपत्र मीच वाचून दाखवलं

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो इंदूआत्याच्या खोकल्यानं. तिला खोकला नव्हता. पण आपण उठलोय आणि बाकीचे अजून लोळतायत हे घराला कळावं म्हणून ती मुद्दाम खोकायची, मग चुलीवरच्या पाण्याचं झाकण आपटायची, आणि बादली-विळा घेऊन मळ्यात निघून जायची. मी आणि विलास, माझा मोठा भाऊ, जागे होईपर्यंत ती मेथी नाहीतर शेपू काढून परतलेली असायची. ओसरीवर भाजीचा हा ढीग. चिखलाचा आणि शेपूचा मिळून एक वास असतो, तो आमच्या पांघरुणांनासुद्धा यायचा. आत्या ढिगासमोर फतकल मारून बसायची आणि जुड्या बांधायची. भिजवलेल्या सुतळीचा एक वेढा, एक झटका, जुडी बाजूला. बांधता बांधता सगळ्या घराला शिव्या. कालव्याच्या पाटकऱ्याला, पाण्याची पाळी चुकवणाऱ्या शेजाऱ्याला, उशिरा उठणाऱ्या मला. मग पाटी डोक्यावर घेऊन हडपसरच्या मंडईला.

आत्या म्हणजे आप्पांची सख्खी थोरली बहीण. नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा ती एका गाठोड्यानिशी माहेरी आली, आणि आजोबांनी तिला विहिरीजवळचा तुकडा कसायला दिला. आजोबा गेले, तुकडा तिच्याकडेच राहिला. कागदावर सगळी जमीन एकच होती, पण घरात त्याला ‘इंदूचा मळा’ म्हणत. खडकवासल्याचं पाणी कालव्यानं आमच्याकडे यायचं आणि त्या पाण्यावर तिनं तो तुकडा असा राखला होता की वाटेनं जाणारे थांबून बघत. आमच्या घरातली रोजची भाजी, विलासची फी, माझे बसचे पास, यातलं बरंचसं त्या तुकड्यातून यायचं. हे मी आज म्हणते. तेव्हा मला वाटायचं, घर आप्पा चालवतात. आप्पांनाही तसंच वाटायचं.

त्याच सुमारास आमचं गाव महापालिकेत गेलं. म्हणजे गाव होतं तिथंच राहिलं, फक्त त्याच्या नावापुढे पुणे लागलं. नळ आला नाही, घरपट्टी आली. सोलापूर रस्त्याला ‘कॉम्प्युटर शिका, परदेशी जा’ अशा पाट्या लागल्या, पारावरची माणसं गुंठ्याच्या भाषेत बोलायला लागली. त्या दिवसांत इंग्रजी नावाचं आणि फुकट असं काहीही मिळत असेल तर ते घ्यावं, असा आप्पांचा दंडक होता. त्यामुळे मी कॉलेजातून ‘युवती नेतृत्व वर्गा’चा फॉर्म आणला आणि त्यावर ‘लीडरशिप’ असा शब्द दिसला, तेव्हा आप्पांनी न वाचता सही केली. त्यांना ते कॉम्प्युटरचंच काहीतरी वाटलं. मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही. माझ्या नेतृत्वाची सुरुवात अशी झाली.

वर्ग कर्वेनगरला होता, दर शनिवारी, वर्षभर. दोन बस बदलून जायचं. एका संस्थेनं भाड्यानं घेतलेल्या बंगल्याचा खालचा हॉल, निळी सतरंजी, भिंतीला चिकटवलेले तक्ते आणि मधल्या सुट्टीत पोहे. आम्ही बावीस-तेवीस मुली होतो. वर्ग घ्यायच्या शुभदाताई. पन्नाशीच्या, इस्त्रीची सुती साडी, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. बाई मनापासून शिकवायच्या, हे मी कधीच नाकारणार नाही. माणूस म्हणून जन्माला आल्याबरोबर जे मिळतात ते हक्क, ते कुणी देत नाही, त्यामुळे कुणाला काढूनही घेता येत नाहीत, हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. घरी मला सकाळची आंघोळसुद्धा विलासच्या नंतर मिळायची. पुढच्या शनिवारी त्यांनी आम्हाला एकेकीला उभं करून मोठ्यानं ‘नाही’ म्हणायला लावलं. पहिल्यांदा माझ्या तोंडून आवाजच फुटेना. ताई म्हणाल्या, “सुमन, पोटातून काढ.” दोन महिन्यांत मी वर्गातली सगळ्यात खणखणीत ‘नाही’ म्हणणारी मुलगी झाले. आता विचार करते तेव्हा लक्षात येतं, त्या हॉलमध्ये आम्हाला ‘हो’ म्हणायला लावणारं कुणी नव्हतंच.

मुलींच्या वारसाहक्काचा नवा कायदा आम्ही तिथंच शिकलो. त्यावर एक नाटुकलं बसवलं. बहीण सही द्यायला नकार देते आणि भाऊ तिची समजूत काढतो, असा प्रसंग. भावाचं काम मला दिलं. “ताई, माहेर तुटेल गं,” “वर्षाची साडीचोळी आम्ही चुकवलीय का कधी?” ही वाक्यं मी लिहून न घेता बोलले. मुली हसून हसून लोळल्या, शुभदाताईंनी टाळ्या वाजवल्या. “किती निरीक्षण आहे हिचं!” म्हणाल्या.

शिकलेलं सगळं मी घरी येऊन आत्याला सांगायचे. संध्याकाळी ती भाजीतलं गवत निवडत बसायची आणि मी तिच्या समोर वही उघडून. “आत्या, या जमिनीत तुझं पण नाव हाय. बापाच्या जमिनीत लेकीला वाटा असतो.”

“नाव काय चाटायचंय? माती हाय की हातात.”

“उद्या विकली तर?”

“कोन विकतंय? तुझा बाप? तो मला इचारल्याबिगर बैल विकत न्हाई.”

पण तिच्या डोक्यात ते बसलं असावं. एके दिवशी मंडईतून येताना ती परस्पर तलाठ्याकडे गेली आणि सातबारा काढून आणला. तलाठ्याकडून तिनं स्वतःचं नाव दोनदा वाचून घेतलं होतं. घरी येऊन माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. मी नावावर बोट ठेवलं, तिनं माझं बोट बाजूला करून स्वतःचं ठेवलं. “हितं?” “हितंच.” त्या दिवशी तिनं कुणालाही शिवी दिली नाही. आई म्हणाली, “आज वन्संना बरं न्हाई वाटतं.”

पांढरी गाडी आली ती दिवाळीनंतर. गाडीतून उतरलेल्या माणसानं आप्पांना ‘साहेब’ म्हटलं. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणी असं म्हटलं असेल. कॉम्प्युटरच्या कंपन्यांसाठी मोठ्या इमारती होणार होत्या, रस्त्यालगतच्या सगळ्यांनी जमिनी दिल्या होत्या, आमचा पट्टा मधोमध येत होता. विलास तर नुसता हवेत. इमारत झाली की आपल्याला तिथंच नोकरी, असं त्याला त्या माणसानं सांगितलं होतं. वकिलानं कागद पाहिले आणि एवढंच म्हणाला की नव्या कायद्यामुळे घरातल्या बायकांच्या सह्या लागतील. बहिणीची आणि मुलीची. हक्कसोडपत्र करून घ्या म्हणजे पुढे कटकट नको.

आप्पा ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ओरडणाऱ्या बापाचा आम्ही शनिवारी सराव केला होता. आप्पा माझ्याजवळ येऊन बसले. हातातली तंबाखू त्यांनी मळली, पण तोंडात टाकली नाही. “सुमे, तुझं शिक्षण थांबनार न्हाई. लग्नात कमी पडनार न्हाई. इंदूला पक्क्या घरात तिची खोली. माझ्यावर भरवसा हाय ना?” भरवसा होता, हीच तर पंचाईत. आई भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणाली, “या घरात आजवर कुन्या लेकीनं मागितलं न्हाई. तू पयली हू नगं.” मी ‘नाही’ म्हटलं नाही. ‘बघते’ म्हटलं. ‘बघते’ म्हणजे काय ते बायकांच्या घरात सगळ्यांना कळतं.

आत्या मात्र सरळ बोलली. आप्पांना म्हणाली, “मळा ठेव, बाकीचं इक.” आप्पा म्हणाले, मधला तुकडा सोडून ते घेणार नाहीत. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मला गोठ्यात गाठून म्हणाली, “तुझ्या त्या बाईला इचार. काय करायचं आपन?” ‘आपन’ म्हणाली ती. मला तो शब्द ऐकून एकदम उंच झाल्यासारखं वाटलं.

त्या शनिवारी मी वर्गाच्या आधी तासभर जाऊन बसले. संस्थेत धावपळ होती. मदत देणारे परदेशी पाहुणे यायचे होते, भिंतीवर नवे तक्ते लागत होते. शुभदाताईंनी माझं सगळं उभ्याउभ्या ऐकलं. त्यांचा चेहरा खरोखर उतरला. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “सुमन, निर्णय तुझा असायला हवा. आम्ही कुणाच्या वतीनं निर्णय घेत नाही. तेच तर आपण शिकतोय ना?”

“ताई, मंगळवारी सही आहे. तुम्ही नुसत्या येऊन उभ्या राहाल का?”

“मंगळवारी अहवाल द्यायचाय गं. आणि बाहेरच्यांनी आलेलं घरच्यांना आवडत नाही, उलट बिघडतं. गुरुवारी इथं वकीलबाई बसतात, त्यांना भेट.”

“मंगळवार गुरुवारच्या आधी येतो ताई.”

हे मी म्हणाले खरं, पण इतक्या हळू की त्यांना ऐकू गेलं नसावं. पुढे मीही अशा संस्थांमधून बरीच वर्षं काम केलं, आणि ‘निर्णय तुझा असायला हवा’ हे वाक्य स्वतः कितीतरी मुलींना ऐकवलं. फार स्वच्छ वाक्य आहे. म्हणणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही.

घरी गेल्यावर आत्यानं विचारलं, “काय म्हनली बाई?” मी म्हटलं, “आपण ठरवायचं म्हणाली.” “ते तर आपल्याला आधीच ठाव होतं,” ती म्हणाली.

मंगळवारी रजिस्टर ऑफिसात आम्ही सकाळपासून बसलो होतो. आत्यानं लग्नाकार्यातलं हिरवं नऊवारी नेसलं होतं. बाकावर जागा नव्हती, म्हणून ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली, मंडईत बसते तशीच. आप्पांनी आम्हा दोघींना भेळ आणून दिली, पाणी आणून दिलं. सारखे विचारत होते, “ऊन लागतंय का?” माझी चीड कुठं ठेवावी ते मला कळेना. नंबर आला. वकिलानं कागद टेबलावर पसरले आणि आत्याच्या अंगठ्यासाठी शाईची डबी उघडली. आत्यानं हात पदरात घेतला.

“आधी वाचून दावा.”

वकील घड्याळाकडे बघून हसला. “मावशी, सगळं बरोबर आहे. मी बघितलंय.”

“तुम्ही बघितलंय. मी न्हाई.”

टेबलापलीकडचे साहेब थांबले. मागची रांग कुरकुरायला लागली. तेव्हा आप्पा मला म्हणाले, अगदी साधेपणानं, त्यात डाव काही नव्हता, “सुमे, तू वाच की. शिकलीस ना?”

मी वाचलं. मला वाचता येतं चांगलं, आवाज स्वच्छ आहे, वर्षभर तो कमावला होता. सदर मिळकतीमधील माझा संपूर्ण हक्क, हिस्सा व हितसंबंध मी कायमचा सोडून दिला आहे. यापुढे माझा अथवा माझ्या वारसांचा कोणताही संबंध राहिलेला नाही. लिहून देणार म्हणून दोन नावं होती. आधी आत्याचं, खाली माझं. स्वतःचं नाव वाचताना जीभ जरा अडखळली, तेवढंच. शेवटी, हे मी राजीखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून दिले आहे.

“दबाव म्हंजी?” आत्यानं विचारलं.

“जबरदस्ती.”

“ती केली असं लिवलंय?”

“नाही. केली नाही असं लिवलंय.”

“असं व्हय,” आत्या म्हणाली. मग तिनं मला विचारलं, सगळ्यांसमोर, “तू काय करनार?”

विलासनं घसा खाकरला. आप्पा माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते. पोटातून काढायचा तो शब्द मला माहीत होता. मी सगळ्यात चांगला म्हणायचे तो. आज इतक्या वर्षांनी मी त्या मुलीला हजार कारणं देऊ शकते, अठरा-एकोणीस वर्षांची होती, बापावर जीव होता, कॉलेज सुटलं असतं. तिथं मात्र मनात एकही कारण नव्हतं. फक्त मागच्या रांगेची मला लाज वाटत होती, आपण सगळ्यांचा खोळंबा करतोय याची. मी कागदावर वाकले, पेन उचललं आणि सही केली. माझी सही पहिली झाली.

आत्यानं मग काही विचारलं नाही. अंगठा पुढे केला. साहेबांनी नियमाप्रमाणे विचारलं, “बाई, समजून उमजून करताय ना?”

“पोरीनं वाचून दावलंय,” आत्या म्हणाली.

वर्षभर आम्हाला सांगत होते की नेता तो, ज्याच्या मागे एक तरी माणूस येतं. माझ्या मागे आलेलं पहिलं माणूस ते.

महिन्याभरात वर्गाचा समारोप होता. शुभदाताईंनी मला बोलायला सांगितलं, “तुझ्या आयुष्यात काय बदललं ते सांग, थोडक्यात.” मी ठरवून गेले होते. व्यासपीठावर उभी राहिले आणि सगळं सांगितलं, आत्यानं वाचून दाखवायला सांगितलं, मी वाचलं, मी आधी सही केली, मला त्याची लाज वाटते. परदेशी पाहुण्यांच्या शेजारी इंग्रजीत सांगणारी एक बाई बसली होती. तिला काय अडचण वाटली कोण जाणे. तिनं सांगितलं ते मला कळण्याइतकं इंग्रजी मला येत होतं: ही मुलगी आता आपल्या कुटुंबातल्या अशिक्षित बायकांना कायद्याचे कागद वाचून दाखवते. पाहुणे उभे राहिले आणि टाळ्या वाजवल्या. शुभदाताईंनी मला मिठी मारली, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी कानाशी म्हटलं, “ताई, ते तसं नव्हतं.” त्या म्हणाल्या, “कळलं गं मला. पण आता नको.” पुढच्या अहवालात माझा फोटो होता, त्याच वाक्यासह.

मळ्याभोवती पत्रे उभे राहिले. ज्या दिवशी विहीर बुजवली त्या दिवशी आत्या घरात बसून होती, हातात काही नाही. पक्कं घर झालं, तिची खोलीही झाली. आप्पांनी शब्द पाळला. खोलीला फरशी होती, ट्यूबलाइट होती. ती सवयीनं उठायची आणि मग तिला जायला जागा नसायची. खोकायची बंद झाली. आप्पा म्हणायचे, “आता आराम कर की.” एक दिवस ती न सांगता निघून गेली. दोन दिवसांनी मंडईतल्या तिच्या ओळखीच्या बाईनं निरोप आणला, इंदू कर्वेनगरला पोरींच्या मेसमध्ये पोळ्या लाटते, तिथंच मागच्या खोलीत राहते. नागपूर-अमरावतीकडून शिकायला आलेल्या मुलींची मेस होती ती. आप्पा तिला आणायला गेले. लोक काय म्हणतील, भावानं बहिणीला हाकललं. आत्यानं त्यांना पोटभर जेवू घातलं आणि बसथांब्यापर्यंत पोचवलं. एकटे परत आले. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं, आणि मला त्यांची दया आली त्याचाही राग आला.

मी तिच्याकडे जायला बरेच महिने लावले. संस्था तिथून चालत पाच मिनिटांवर होती, मी तिथं कामही करायला लागले होते, तरी वळून दुसऱ्या गल्लीनं जायचे. शेवटी गेले ते दुपारचं. ओट्यावर परातभर कणीक, आत्या उभ्यानं लाटत होती. तिनं मला ‘ये’ म्हटलं नाही, पण तव्यावरची पोळी उतरवून दुसरी टाकली आणि पहिली माझ्या हातावर ठेवली, तूप लावून. मी खाल्ली नाही. म्हटलं, “आत्या, माझं चुकलं.”

“चुकलंच,” ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे गं. तिनं आणखी दोन पोळ्या लाटल्या.

“सही केलीस त्याचं मला न्हाई काही. बाप हाय तुझा. तुला त्याच्याच घरात ऱ्हायचं होतं.” तिनं लाटणं बाजूला ठेवलं. “पन मी तुला इचारलं होतं. तू बोलली न्हाईस. ‘मी करते आत्या, तू करू नगं,’ एवढं म्हनली असतीस, तरी मी अंगठा दिला नसता.”

हे मला सुचलंच नव्हतं. रजिस्टर ऑफिसात नाही, नंतरच्या सगळ्या महिन्यांत नाही, व्यासपीठावर लाज वाटते म्हणताना तर नाहीच. मी आपल्याच सहीचा विचार करत आले होते. बाहेर जिन्यावर मुलींच्या चपला वाजल्या. दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती.

“थांबले होते मी,” आत्या म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली.